उपाशीपोटी

सकाळी सहाला स्कूटीच्या पायाशी बर्फाचा डबा ठेवून
मी सात रस्त्यावरून रक्त गोळा करायला निघते.
एप्रिलात याहून उशीर परवडत नाही,
सोलापूरचं ऊन नळीतल्या रक्तालाही सोडत नाही.

पहिलं घर होटगी रोडला, लिफ्टचं.
कलशेट्टी साहेब, त्रेसष्ट पूर्ण.
मागच्या रिपोर्टात त्यांचं शरीर एक्कावन्नचं निघालं,
तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय.
दर गुरुवारी पुण्याहून डॉक्टर येतात,
शिरेतून काहीतरी पिवळं, थेंब थेंब, दीड तास.
बाटलीचे अठरा हजार.
"यंदा पन्नासच्या आत येईल ना?"
बाही वर करत विचारतात.
मी म्हणते, मूठ घट्ट धरा.
त्यांचीही शीर सापडायला आता वेळ लागतो.
हे मी कुठल्याच रकान्यात लिहीत नाही.

मग हैदराबाद रोड. विडी घरकुल.
पाणी पाचव्या दिवशी आलंय,
गल्लीभर घागरी, त्यातून वाट काढत
अनसव्वा वडलाकोंडाचं दार.
आधारवर जन्मतारीख एक जानेवारी.
शेजारच्या नागव्वाची एक जानेवारी,
समोरच्या दोघी विहिणींचीही तीच.
अख्खी गल्ली एका दिवशी म्हातारी होते
आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मल्लेशम खाटेवर. अडतीस वर्षं मागावर काढली,
माग भंगारात जाऊन नऊ झाली,
तरी बोलतो ते खडखडाटाच्या वरून.
"मामा, साखर किती होती मागच्या वेळी?"
"चादर? आता कुठली चादर!"
अनसव्वा हसते, तोंडावर पदर धरून,
मग खोकते, बराच वेळ.
तंबाखू तिनं कधी ओढली नाही.
वळली फक्त.

तिचा अंगठा गुळगुळीत.
साठ वर्षं पानं वळून वळून रेघा उडाल्या.
हयातीच्या दाखल्याला तीनदा जाऊन आली,
यंत्र म्हणतं, जुळत नाही.
"म्या समोर हुबी हाय की रं, म्हटलं.
त्ये पोरगं म्हणतं, आजी, मशीन मानंना."

रक्त भरेपर्यंत काहीतरी बोलायचं,
म्हणून मी तिला पिवळ्या बाटलीचं सांगितलं.
"म्हंजी वय मागं नेत्यात?"
"हो, तसं म्हणतात."
"कुठल्या सालात?"

हे कलशेट्टी साहेबांनी कधी विचारलं नव्हतं.

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
"इशीत नगं, तवा सासू हुती.
तिशीत पोरगं गेलं.
चाळिशीत रोज हजार इड्या,
त्यातल्या शंभर मुकादम छाटून फेकायचा.
पन्नाशीत..." थांबली.
"पन्नाशीत गुडघे बरे हुते.
आसं कर,
गुडघे तेवढे मागं धाड,
बाकी म्या हितंच ऱ्हाते.
ह्येला ऐकू येत न्हाई, कोन सांगंल
जेवान झालंय म्हनून?"

दुपारी लॅबमध्ये दोन्ही नळ्या
यंत्रात समोरासमोर ठेवाव्या लागतील.
वजन जुळलं नाही की ते सगळं टेबल थरथरवतं.
पण ते नंतर.

आत्ता मी बूच लावलं, नाव लिहिलं,
वयाच्या जागी आधारवरचं वय.
"तुजं किती गं?" तिनं विचारलं.
"एकोणपन्नास."
"काय खाल्लंस का सकाळधरनं?"
नव्हतं.
उपाशीपोटी यायला मी सगळ्यांना सांगते,
मला कुणी सांगितलेलं नसतं.

तिनं डब्यातून कडक भाकरी काढली,
वर शेंगाचटणीची चिमूट, कागदात.
"खा बाई. दात हायेत तवर."
कोपऱ्यावर स्कूटी थांबवून मी पहिला तुकडा मोडला.
एवढ्या जोरात वाजला
की मागून मल्लेशमनं ओरडून विचारलं,
"कोन आलं?"