पाणी जरा निळं कर

गायधनी साहेब म्हणाले, पाणी जरा निळं कर.
केलं.
गोदेवरची पाणवेल पुसली, शिडाच्या दोन होड्या सोडल्या,
कुठल्याशा समुद्रावरून उचललेली
टोपीवाली बाई, तिच्या सावलीसकट.

भाजी मार्केटची दगडी कमान
एका क्लिकसरशी गेली.

मापं घ्यायला गेलो तेव्हा
तिसऱ्या खांबावर रेघ दिसली,
एकोणसत्तरच्या पुराची.
खाली तेलखडूनं :
'इथवर आली. सखाहरी हमाल.'
टेप लावायचं सोडून
मी नुसताच पाठ टेकून उभा राहिलो.
रेघ डोक्याच्या वीतभर वर.

साहेबांना सांगितलं.
चष्मा पुसत म्हणाले,
तिथं पार्किंग आहे रे, चालतं.

आणि होड्या
राहू दे तेवढ्या.