सगळ्यात आखूड शब्द

थर्सोच्या पलीकडे, स्कॉटलंड जिथे संपत येतं
आणि वारा कुणाच्या टोपीची भीड ठेवत नाही,
तिथे डोनल्डिना गनचं गाड्या मोडायचं आवार आहे.
दाबयंत्र एक, क्रेन एक, कुत्रं बहिरं,
आणि बापाच्या वेळचा नियम:
शब्द सापडल्याशिवाय गाडी यंत्रात जायची नाही.

नंबरपाटीवरची शेवटची तीन अक्षरं घ्यायची.
ती त्याच क्रमाने ज्याच्या पोटात असतील
असा शब्द शोधायचा.
अधेमधे वाट्टेल ती अक्षरं चालतील.
माणसांची नावं चालणार नाहीत:
इथे येणाऱ्या प्रत्येक गाडीला कुणाचं तरी नाव चिकटलेलं असतं,
ते मोजायला बसलो तर धंदा बुडेल, म्हणते डोनल्डिना.
आणि सगळ्यात आखूड शब्द जिंकतो.

एच, आर, टी.
मॅग्नस, वय सतरा, कामाला लागून आठवडा,
ओरडला: हार्ट! पाच अक्षरं!
डोनल्डिनाने चहाचा मग खाली न ठेवता म्हटलं:
हर्ट. चार.
आपल्या लिपीत नुसता एक काना पडला.
तिथे एक टोयोटा चपटी झाली.

जे, एक्स, पी ने अख्खी दुपार खाल्ली.
शेवटी क्रेनवरून फर्कर बोलला,
जो हवामान सोडून कशावर बोलत नाही:
जक्स्टापोझ.
म्हणजे काय रे?
म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं.
शाळेत छड्या खाल्ल्या होत्या त्याच्या स्पेलिंगवर,
चाळीस वर्षं झाली,
आज वसूल.

कोपऱ्यात एक पांढरी व्हॅन आहे. व्ही, एक्स, झेड.
तिसरा हिवाळा.
शब्दकोश झाला, पाद्री झाला,
गुरांचा डॉक्टर झाला, तो तर लॅटिन शिकलेला.
चाकांच्या फटींतून गवत वर आलंय.
डोनल्डिना रोज तिच्यावरून नजर फिरवते,
बिल थकवलेल्या गिऱ्हाइकावरून फिरवावी तशी.

गुरुवारी इसोबेल स्वॉन्सन आली,
नवऱ्याची हिरवी रोव्हर स्वतः चालवत.
सीट पुढे ओढली नव्हती.
टोकावर बसून, पाय ताणत ताणत, अकरा मैल.
किल्ली काढून दिली आणि म्हणाली,
मी थांबते. तुमचा तो खेळ ऐकलाय.

डब्ल्यू, डी, ओ.

विंडो! मॅग्नस म्हणाला. सहा.
विझ्डम, फर्कर वरून. सहाच.
विअर्डो! पुन्हा मॅग्नस, आणि स्वतःच खो खो हसला.
तेही सहा.
तिघांची बरोबरी. सगळे डोनल्डिनाकडे वळले.
ती मगात बघत होती.
मला नाही सुचत, म्हणाली,
आणि एवढ्या वर्षांत हे वाक्य
तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

पाचांत होतो की, इसोबेल म्हणाली.
पर्स पोटाशी धरलेली, नाक वाऱ्याने लाल.
विडो.

मॅग्नसचे ओठ हलले. त्याने बोटांवर मोजून पाहिलं,
बिचारा, मोजायची गरज नव्हती.
फर्करने क्रेनचं इंजिन उगाचच बंद केलं
आणि मग समुद्र ऐकू आला.

नियम तो नियम, इसोबेल म्हणाली. दाबा.

पाटी तेवढी मागून घेतली.
काखेत धरून, फाटकाकडे, बसच्या थांब्याकडे.
वाटेत पांढरी व्हॅन लागली.
थबकली. वाकून वाचलं.
एक हात गवतात टेकवून
ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवू लागली,
मोडून पुन्हा जुळवू लागली.

बस आली, दार उघडून उभी राहिली,
ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.
तिने मागे न बघता हात वर केला:
थांब जरा.