खळं

कुताईसीच्या बाजारामागे, रिओनीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझा दवाखाना. दारावरची पाटी पावसानं खाल्लीय,
'पशु' तेवढं वाचता येतं.

ओतिया आला तो फेब्रुवारीतला मंगळवार.
पूर्वी ट्रॉलीबस चालवायचा. तारा उतरवल्या, गाड्या भंगारात गेल्या,
हातांची गोल पकड मात्र राहिली,
अजून चाक धरल्यासारखी.
त्या पकडीत कुर्शा.
रस्त्यावरची, मग जिन्याखालची, मग त्याची.
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला,
त्यावरचा आकडा तिनं खाजवून खाजवून पुसलेला.

तोंड उघडलं आणि खोलीतली हवा बदलली.
दातांवर कीटण नव्हतं, कीटणात दात होते,
चुन्यात बुजवलेल्या खड्यांसारखे.
हिरडी बोट लागायच्या आधीच रक्ताळली.
डाव्या डोळ्याखाली गाठ,
टचटचीत, पिकल्या अंजिराएवढी.

"वास आला की गोळ्या देतो," तो म्हणाला,
"वास गेला की थांबतो. वाया कशाला घालवायच्या?"
खिशातून वर्तमानपत्राची पुडी निघाली.
गुलाबी, पांढऱ्या, एक पिवळी कॅप्सूल.
काही बायकोच्या शेवटच्या खोकल्यातल्या,
काही तिसऱ्या मजल्यावरच्या मानानाच्या,
आणि वरून चाचात भिजवलेला बोळा, हिरडीला.
"शोती मोडतो तशीच मोडतो," तो म्हणाला,
"अर्धी तिला, अर्धी मला."

मी लिहायची थांबले.

पू थाळीवर पसरला, रक्ताच्या लाल आगरावर.
त्यावर सहा पांढऱ्या चकत्या,
प्रत्येकीत एकेक औषध.
चांगल्या दिवसात चकतीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं,
निव्वळ मोकळी जागा, जिथं काही जगत नाही.
मी ती जागा पट्टीनं मोजते. मोजायला आवडतं.

सातव्या दिवशी थाळी उजेडात धरली.
चकत्यांच्या पार कडेपर्यंत वस्ती आलेली.
एकीवर तर चढलेली.
सहा चंद्र, आणि खळं एकालाच.

सहा वर्षं त्यांना शिकवणी लावली होती आपण.
अर्धा धडा, सुट्टी, पुन्हा अर्धा धडा.
कच्चे होते ते गळाले,
उरलेल्यांनी औषध पचवलं
आणि पचवायची रीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली.
मी तरी कुठं धुतल्या तांदळाची?
भूल महाग, दात काढणं महाग,
दहा गोळ्या स्वस्त;
कितीदा तरी मीही नुसता वासच बरा करून पाठवलाय.

ज्याला खळं होतं त्याचं नाव लिहिलं नाही.
ते इस्पितळातल्या कुणासाठी तरी ठेवलंय,
ज्याला मी ओळखत नाही,
ज्याचं फुप्फुस अजून ठणठणीत आहे.

कुर्शाचे चौदा दात काढले.
गाठीतलं सगळं वाहून जाऊ दिलं, हाड खरवडलं,
धुतलं, पुन्हा धुतलं, हिरडी शिवली.
दात स्टीलच्या वाटीत पडताना
बाहेर ओतिया मोजत होता, दाराआडून ऐकू येत होतं:
नऊ. दहा. मग बराच वेळ काही नाही.

"बिनदातांची खाईल काय?"
"भिजवलेली शोती. तुम्ही काय खाता?"
तो हसला. हसताना मफलर घसरला
आणि डाव्या गालाखाली मला दिसली ती,
टचटचीत,
अंजिराएवढी.

तिच्याकडून त्याला, की त्याच्याकडून तिला,
की दोघांचं दोघांपाशी,
थाळीला विचारलं तर थाळी सांगत नाही.

"तोंड उघडा," मी म्हणाले.
"डॉक्टर, बाहेर पाटीवर काय लिहिलंय?"
"उघडा."

पुडी त्यानं टेबलावर ठेवली.
जराशानं, मी हातमोजे बदलत असताना,
तिच्यातली पिवळी कॅप्सूल
हळूच परत उचलली.