तीन रकाने

टेकचंदजी रिटायर झाले त्या आठवड्यात
त्यांनी लाइनमनच्या जुन्या डायरीत पट्टीनं रकाने आखले:
आपलं, बालाघाटकडलं, छत्तीसगडचं.
"उरलेलं आयुष्य कुठं काढायचं
ते मोजूनच ठरवू,"
जसं काही मीटरचं रीडिंग घ्यायचंय.

तीस वर्षं मी गावोगाव लसी टोचत हिंडले,
मला कोणी विचारलं नाही.
मी तांदळाच्या भाकरी बांधल्या, जवसाची चटणी,
आणि स्कूटरवर मागं बसले.

पहिला रविवार बैहरच्या अंगाला.
एप्रिल. इकडं साग उघडेबोडके,
पाचोळ्यावर चाक गेलं की पापड मोडल्याचा आवाज.
तिकडं घाट चढलो अन् सालाचं रान लागलं,
हिरवंगार, आत शिरल्यावर भर दुपारी दिवेलागण.
त्यांनी हेल्मेट काढलं,
किती तरी वेळ वर पाहत राहिले.
मला वाटलं, वायर शोधतात की काय.
सावली: दहापैकी दहा.
परतताना टायर बसला,
बारा किलोमीटर दुकान नाही,
मी पिशवी घेऊन पुढं, ते स्कूटर ढकलत मागं.
रस्ता: तीन. खोडलं. दोन.

दुसऱ्या रविवारी डोंगरगडाच्या पल्याड.
टाकी तिकडंच भरली, दोन रुपये वाचले
ते त्यांनी वेगळ्या ओळीत लिहिले.
एका तळ्याच्या पायरीवर पाय सोडून बसलो
तर एक म्हातारी, कानात मोठाले खिनवे,
"बइठ न दाई, कहाँ जाबे घाम मा,"
म्हणत घरात गेली
अन् कांस्याच्या वाटीत बासी घेऊन आली,
वर कांदा, मीठ.
नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.
पाण्यावर कमळाची पानं,
पानावर एक टिटवीएवढा पक्षी चालत होता, बुडत नव्हता.
टेकचंदजींनी पेन काढलं,
पुन्हा खिशाला लावलं.
तो रकाना घरी येऊन भरला. माणसं: दहा.
दवाखाना किती दूर ते मी विचारून ठेवलं होतं.
मी सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं करून चार लिहिले.

तिसऱ्या रविवारी आपलंच गाव
परक्यासारखं पाहायचं.
म्हणून मुद्दाम एसटीनं उतरलो फाट्यावर,
चालत आलो.
बोडीत गुडघाभर पाणी, सिंगाड्याचे वाळके वेल,
धुऱ्यावर बसलो तर डास, ऊन, कोणाचं तरी रेकत बसलेलं वासरू.
प्रत्येक खांब त्यांना ओळखीचा,
हा वाकला दोन हजार आठच्या वादळात,
ह्याच्यावर घार बसून मेली.
"खांब सोडा जी," मी म्हटलं, "परके आहोत आपण."
पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उतरली,
एकानं मान वर केली, दुसऱ्यानं सूर धरला,
त्या आवाजानं वासरूसुद्धा गप्प झालं.
मग दोघंही उडाले
नदीवरून, सरळ मध्य प्रदेशात.
"हे कोणत्या रकान्यात लिहू?"
मी म्हटलं, मला काय विचारता.

रात्री बेरीज झाली.
आपलं तिसरं आलं.
दोन मार्कांनी.
टेकचंदजी ताटावर बसले अन् डाळ तशीच राहिली.
सकाळी पाहते तर डायरीशेजारी खोडरबराचा चुरा,
बोडीचे पाच मार्क वाढलेले,
डासांचा रकाना सगळाच पुसलेला.
मी काही बोलले नाही.
शेवटच्या ओळीत माझ्या अक्षरात
बारीक लिहून ठेवलं:
"इथून उठायला जीव होत नाही",
आणि तिन्ही रकान्यांत सारखेच मार्क दिले, सात सात सात,
म्हणजे बेरजेत काही फरक पडायला नको.

त्यांनी ते वाचलं का, माहीत नाही.
गुरुवारी चहा पिता पिता म्हणाले,
"तेलंगण तर राहूनच गेलं की.
प्राणहिता ओलांडली की झालं."
आणि पट्टी शोधू लागले,
चौथ्या रकान्यासाठी.

मी आमगावला गेले होते बाजाराला,
येताना मागच्या चाकाची नवी ट्यूब घेऊन आले.