पितळखोरा, आराखडा क्रमांक चार

कड्याच्या माथ्यावर मी काचेचं दालन काढलं होतं,
शंभर माणसं मावतील एवढं.
दुर्गप्पानं नकाशा पसरला, वर चार गोटे ठेवले
आणि छिन्नीच्या बोथट टोकानं कातळ वाजवला.
"हितं भरीव हाय. हितं पोकळ."

दोन काळ्या थरांमध्ये वीतभर तांबडी माती.
एक लाव्हा निवला, दुसरा यायचा होता,
मधल्या काळात इथं नुसतं ऊन पडत होतं.
पाणी अजून त्याच रेषेनं झिरपतं.

आता दालन नाही.
तांबड्या रेषेला धरून उतरणारी वाट,
वाकल्याशिवाय जाऊ न देणारं छप्पर,
एक बाक.

तिकीटखिडकी कुठे, ऑफिस विचारतं.
दुर्गप्पा म्हणतो, थांबा,
दुपारी सावली कुठं पडती
बगून सांगतो.