चौदा

मंगयवारी गटाच्या बैठकीत
कोणी ना कोणी इचारतेच,
काय पाह्यलं वं बँकॉकात?

काय सांगू बाप्पा.
पाच वर्सं हप्त्याले दीडशे टाकले,
निंदणाचे, वेचणीचे, बोकड इकल्याचे.
चौदा जणींचे चौदा पासबुकं
अन् पासपोर्टापायी यवतमाळच्या पाच चकरा.
फोटोवाला म्हणे, हसू नका.
पंचफुला म्हणे, हसते कोण, माहे दातच तसे हायेत.

जाच्या आठ महिन्याआधी थे गेली.
मी हिशेब घेऊन तिच्या घरी गेली,
देवाजीबुवाले म्हटलं, हे तिचे पैसे.
म्हणे, पैसे नोको.
तिची जागा द्या.

तं असे निंगालो आमी,
तेरा बाया अन् एक म्हातारा,
टोपी, पायजमा,
अन् पोटाशी बांधेल चिवड्याची पिशवी.

तिकडं एक छत्रीवाली पोरगी होती आमच्या मोरं,
पिवयी छत्री वर धरून चाले.
दुकानातली बाई हात जोडून म्हणे, सवादी खा.
कमयाबाई म्हणे, पोट भरलं वं माय, आत्ताच खाल्लं.
काचेच्या मोठ्या दुकानात शिरताना
तिनंच चपला बाहेर काढल्या,
घंट्याभरानं आलो तं थ्या तिथंच,
पहारेकरी बाजूले उभा, जशा त्याच्या मायच्या.
नदी तं एवढी भरेल
का आपल्या अडाणीनं पदर तोंडावर घेतला असता.

पोरीले आमी मराठी आकडे शिकवले.
बसमंधी, नावेत, रस्त्याच्या वरतून पयणाऱ्या गाडीत
आमी आपापला नंबर वरडो,
अन् सगय्यात मांगून, जरा उशिरा,
चौदा.

मंग थो लंबा बुद्ध.
आपल्या विहारापासून सोसायटीच्या गोदामापरेंत येईन एवढा,
सोन्याचा, कुशीवर.
शांताबाई हयूच म्हणे, बोलू नका, झोपेल हाये.
म्हटलं, झोपेल नाई वं, परिनिर्वाण होय हे.
बाहेर येऊन पोरीनं तीनदा मोजलं.
तेरावरच थांबे.

देवाजी पायापाशी होता.
थे तयवे मानसाहून उंच,
शिंपल्याची नक्षी, चकचक.
म्हणे, सचिवबाई,
हा पंचेचाळीस वर्सं पायी हिंडला मा?
हो.
मंग भेगा कुठी गेल्या?

माह्यापाशी उत्तर नोतं.
पंचफुलाच्या टाचेत बारा महिने कायी माती राहे.
त्या दिवशी आमीच धुतले तिचे पाय,
गरम पाणी, साबन, नारयाची शेंडी,
तरी निंगाली नाई.
म्हटलं, चाला बुवा, बस उभी हाये.

भिंतीच्या कडेनं वाट्या मांडेल होत्या, एकशेआठ,
एकेकीत एकेक नाणं टाका लागते.
आमी टाकले भराभर.
थो थांबून थांबून टाके, अन् काई तरी पुटपुटे.
वंदना म्हणून राह्यला असन, असं वाटलं.
गौतमी त्याच्या मांगं होती, तिनं आयकलं,
थो वावरांचे नावं घेऊन राह्यला होता.
पाटलाचं बरड. खण्ण.
नाल्याकडचं. खण्ण.
गुरुजीचं, बोरीवालं. खण्ण.
जिथं जिथं थे मजुरीले गेली.
एवढे वावरं तं आपल्या शिवारात नसन बी,
पण थो अडला नाई.

आता बैठकीत
तेरा सह्या झाल्या का दाराकडून आवाज येते.
चपला काढून थो उंबरठ्यावरच बसते,
दीडशे रुपये घडी करून देते.
आज घडीत एक पिवयं, हलकं नाणं निंगालं.
म्हटलं, हे काय?
म्हणे, एक वाटी सोडली होती.
हे बी जमा करा, तिच्या नावानं.

आता कोणत्या रकान्यात लिवू?
बाया वाट पाहून राह्यल्या,
अन् मी अजून
तारीखच लिहून राह्यली.