पाण्यापासून लांब ठेवा

वॉरंटी कार्डाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात,
कलम नऊ : युनिट पाण्यापासून लांब ठेवावे.
मी चष्मा पुसून परत वाचलं.
स्वयंपाकघरातलं कपाट,
तेही सिंकच्या खालचं,
पाण्यापासून लांब.

पंचफुला म्हणाली,
मंग का आता भांडे नदीवर नेऊन घासू जी?

पाच वर्षांची हमी, अन् सातव्या महिन्यात
सिंकखालचं दार फुगलं
चहात विसरलेल्या टोस्टासारखं.
तिसरा ड्रॉवर हळूच, आपोआप बंद व्हायचा.
दुकानात झाला होता तसा,
आम्ही दोघं तोंड उघडं टाकून पाहत होतो.
आता तो बंदच होत नाही,
रात्रभर जीभ काढून बसतो.
मांजर झोपते त्यात.

अमरावतीला फोन केला.
ढोमणे साहेब जेवायला गेले.
ढोमणे साहेब यवतमाळच्या साइटवर गेले.
एका मंगळवारी सापडले, अन् गोड बोलले :
काका, तुमच्याकडे ऊन फार.
काका, फोटो पाठवा.
काका, फोटो हलला, परत पाठवा.
काका, आत पाटा-वरवंटा तर नाही ना ठेवला?
पाटा होता, पण अंगणात.
तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा माझाच आवाज चोरासारखा निघाला.

बत्तीस वर्षं मी टपाल वाटलं
आर्वीकडच्या सात गावांत.
लोकांच्या रजिस्टर नोटिसा झोळीत घालून सायकल हाणली.
मला पाहून दार लोटून घेणारे पाहिले,
"बाबा घरी नाही म्हणते" असं सांगणारं लेकरू पाहिलं.
'घेण्यास नकार' हा शेरा
किती पाकिटांवर लिहिला असेल, हिशेब नाही.
एक पाकीट माझंही निघेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मजकुराला तीन दिवस लागले.
"फुगले" लिहिलं की राग कमी दिसतो.
"सडले" लिहिलं की पंचफुलाला वाईट वाटते,
दसऱ्याला तिनं त्याच दाराला हळदकुंकू लावलं होतं.
शेवटी मोजून लिहिलं :
दाराची जाडी तेव्हा अठरा मिलिमीटर, आता सव्वीस.
आकडा कोणाच्या बापाला भीत नाही.

पोचपावती परत आली. सही वाचता येईना,
शिक्का मात्र ठसठशीत.
पंधराव्या दिवशी स्कूटरवर एक पोरगा आला,
प्रज्वल खंडाते, पाठीवर ड्रिल मशीन.
उकिडवा बसला, दाराची कडेची पट्टी नखानं सोलली,
अन् आतून भुसा सांडला.
"काका, बिलात काय लिहून आहे?"
"प्लाय."
"मंग मी काही बोललो नाही," तो म्हणाला,
अन् चिमूटभर भुसा माझ्या तळहातावर ठेवला.
त्याचे चार महिन्यांचे पैसे साहेबाकडे अडकून आहेत,
हे चहा पिता पिता कळलं.
पंचफुलानं त्याला सांबारवडी वाढली,
नको नको म्हणेस्तोवर दोन अजून.

ती चिमूट मी पाकिटात घातली.
दुसरं पत्र एका ओळीचं :
सोबत आपला प्लाय, वजन एक चिमूट.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नवं दार आलं.
बाकी सारे मरून, हे एकटं पिस्ता.
मरून कंपनीनं बंद केला म्हणे.
बसवायला दुसराच पोरगा.
प्रज्वल कुठं आहे रे?
"सोडलं त्यानं. नाहीतर काढलं असन. मले नाही माहीत."

पंचफुला आता पिस्ता दार गुडघ्यानं लोटते,
हातात भांडे असतात म्हणून.
मी त्या पत्रात त्याचं नाव लिहिलं नव्हतं.
पण आमच्या घरी तो एकटाच आला होता,
हे ढोमण्यांना ठाऊक होतं,
अन् पाकीट चिकटवताना मलाही ठाऊक असायला पाहिजे होतं.

ड्रॉवर अजून तसाच आहे.
तिसरं पत्र लिहायचं म्हणून रोज कागद काढतो,
पेनाचं टोपण काढतो.
सात गावांतली घरं मला डोळे मिटून सांगता येतात,
कोणाच्या दारात कुत्रं आहे तेही.
या पोराचा पत्ता विचारायचा राहून गेला.